रुळावरचं दहिवर

भिलाईत बर्फ पडत नाही, पडण्याची शक्यताही नाही. समुद्रसपाटीपासून गाव जेमतेम तीनशे मीटर उंच, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणारा, आणि गावाला लागूनच पोलादाचा एवढा मोठा कारखाना अहोरात्र पेटलेला. तरीही डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की सेक्टरांमधल्या क्वार्टरांत, पानठेल्यांवर, बोरिया गेटपाशी एकच बोलणं सुरू होतं. चिल्फीत बर्फ पडला म्हणे. मैनपाट पांढरं झालंय. सकाळच्या हिंदी वर्तमानपत्रात फोटो असतो: भाताच्या पेंढ्यावर पांढरा थर आणि शेजारी शाल गुंडाळलेलं एखादं पोर. ज्यांनी हिमालय कधी पाहिला नाही, अशी माणसं तो फोटो कितीतरी वेळ निरखत बसतात. उष्ण मुलखातल्या माणसाला थंडीचं जे अप्रूप असतं, ते फार खरं असतं.

आमच्या थंडीची सुरुवात धानापासून होते. दिवाळीच्या आगेमागे कापणी उरकते, बियाऱ्यात म्हणजे खळ्यात धानाच्या राशी लागतात, आणि संध्याकाळी गावावर धुराचा पातळ पट्टा तरंगू लागतो. तो वर जात नाही. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, म्हणून धूर छपरांच्या उंचीवरच अडकतो. हा पट्टा दिसला की माझी आजी ट्रंकेतल्या गोधड्या उन्हात घालायची. ती साकोलीची, भंडारा जिल्ह्यातली. तिला या थंडीचं सगळं कळायचं. उत्तरेचा वारा सुटला की कडाका वाढणार आणि बंगालच्या उपसागराकडून ढग आले की तो मोडणार, हे ती अंगणात उभी राहून सांगायची. ते खरंही व्हायचं, कारण छत्तीसगडची थंडी या दोन वाऱ्यांच्या ओढाताणीतच ठरते. उत्तरेचा कोरडा वारा जिंकला की रात्री आभाळ स्वच्छ राहतं आणि पारा दहाच्या खाली उतरतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलेलं असलं की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. सिमला-मनालीच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथली घरं थंडीसाठी बांधलेली असतात. आमची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत: उंच छत, वारा खेळता राहावा म्हणून समोरासमोर खिडक्या, आणि पायाखाली उघडी फरशी. दहा अंशांची रात्र अशा घरात हाडांत शिरते. पत्र्याच्या झोपडीत तर विचारूच नका.

शेजारच्या छत्तीसगढी काकी गोरसी पेटवायच्या. गोरसी म्हणजे मातीचं पसरट भांडं. त्यात तळाशी धानाचा कोंडा, वर गोवऱ्यांचे तुकडे आणि मधोमध एक निखारा. ज्वाळा निघत नाही, कोंडा आतल्या आत धुमसत राहतो आणि रात्रभर ऊब देतो. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला शेकायला गोरसीच लागते. त्या निखाऱ्यावर पळसाच्या पानात गुंडाळलेली तांदळाच्या पिठाची जाड अंगाकर रोटी भाजली जाते, आणि तिचा करपलेला काठ चटणीशी खावा तो कडाक्याच्या सकाळीच. एक गोष्ट मात्र काकी डोळ्यांत तेल घालून पाळायच्या: दार कधी पूर्ण लावायच्या नाहीत. बंद खोलीत धुमसणारी शेगडी माणसाला झोपेतच मारते. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि दर हिवाळ्यात त्या वाचून जीव कळवळतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी शेगडी पेटत असेल, तर खिडकीची एक फळी उघडी ठेवा.

चिल्फीत जे पडतं त्याला वर्तमानपत्रं बर्फबारी म्हणतात, पण तो बर्फ नव्हे. बर्फ ढगात तयार होतो आणि वरून खाली येतो. चिल्फीत जे पांढरं दिसतं त्याला ढग नसावाच लागतो. कवर्ध्याहून जबलपूरकडे जाणारा रस्ता मैकल रांग चढून वर आला की चिल्फीचं पठार लागतं. रात्री आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आपली उष्णता सरळ आकाशात टाकून देते. गार झालेली हवा जड होते आणि खोलगट शेतांकडे वाहत जाऊन तिथे साचते. हवेत टांगलेला तापमापक तीन-चार अंश दाखवत असतो, तेव्हा गवताची टोकं शून्याखाली गेलेली असतात. दव पडतं आणि पडता पडता गोठतं. मराठीत याला आपण दहिवर म्हणतो, महाबळेश्वरकडची मंडळी हिमकण म्हणतात. वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात दर हिवाळ्यात हेच घडतं, आणि कारणही हेच. म्हणून महाबळेश्वरच्या बाजारपेठेत काही नसतं आणि तळ्याकाठच्या मोटारींच्या टपांवर पांढरा थर असतो.

चिल्फीला मी पहाटे पोचलो होतो. शेताच्या कडेला पेंढ्याचा ढीग होता आणि त्याच्यावरच सगळ्यात जास्त पांढरं होतं. बांधावरच्या मातीवर काहीच नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक काडीच्या वरच्या अंगाला बारीक सुयांची रांग उगवली होती, मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबीची, आणि खालच्या अंगाला काडी कोरडी पिवळी होती. याचं कारण पेंढ्याच्या पोकळीत आहे. माती खोलवरची ऊब वर ओढून घेते, पेंढ्याला ती मिळत नाही. तो आपली सगळी उष्णता रात्रीला देऊन बसतो. सूर्य डोंगरामागून वर आला आणि ढिगाच्या पूर्वेकडच्या सुया प्रथम पाणी झाल्या. पश्चिमेची बाजू अजून पांढरीच होती. काडीच्या टोकाला थेंब लोंबायचा, थरथरायचा, गळायचा. शेतमालक, बैगा जमातीचा एक म्हातारा, घोंगडं पांघरून भुर्रीपाशी, म्हणजे पेंढ्याच्या आगटीपाशी बसला होता. “रात के अब्बड़ जाड़ परिस हे, बाबू,” म्हणजे रात्री फार थंडी पडली, असं तो म्हणाला आणि सरकून मला जागा करून दिली. मग त्यानं हात करून तुरीचं शेत दाखवलं. शेंड्याकडची पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबत होती.

ते शेत पाहिल्यापासून वर्तमानपत्रातला फोटो मला पूर्वीसारखा नुसता सुंदर दिसत नाही. पानाच्या आतलं पाणी गोठतं आणि पेशी मरतात. ऊन वर आलं की ते पान शिजल्यासारखं होतं. तूर फुलोऱ्यात असते, बटाटा पोसत असतो, टोमॅटो पिकायच्या बेतात असतो, आणि नेमकं याच दिवसांत दहिवर येतं. शेतकरी जमेल ते करतात. संध्याकाळी शेताला हलकं पाणी देतात, कारण ओली माती ऊब धरून ठेवते. वाऱ्याच्या बाजूला काडीकचरा पेटवून धूर करतात. त्या म्हाताऱ्याकडे पाण्याची सोय नव्हती. पाहुणे फोटो काढून ऊन तापायच्या आत घाट उतरतात. काळवंडलेली तूर दोन दिवसांनी पूर्ण सुकते, तेव्हा तिथे कुणीच नसतं.

मैनपाट भिलाईपासून खूप लांब, पार उत्तरेला सरगुजात. अंबिकापूरहून वर चढायचं आणि हजार मीटरच्याही वर सपाट पठारावर यायचं. याला छत्तीसगडचं सिमला म्हणतात. ही उपमा मला अजिबात पटत नाही, कारण मैनपाटची खरी गोष्ट सिमल्याची नाही, तिबेटची आहे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या पाठोपाठ हजारो निर्वासित आले, आणि १९६२-६३ च्या सुमारास त्यातल्या काहींना या पठारावर वसवलं गेलं. खालच्या मुलखातला उन्हाळा त्यांना सोसवला नसता. वसाहतीचं नाव फेंडेलिंग. सात कॅम्प, एक मठ, रंगीत पताका, आणि शेतांत टाऊचं पीक. टाऊ म्हणजे आपण उपासाला खातो तो कुट्टू. हे पीक या लोकांनी इथे रुजवलं. पाऊस सरल्यावर ते पांढऱ्या फुलांनी भरतं आणि दुरून पाहणाऱ्याला भर उन्हात बर्फ पडल्याचा भास होतो.

या लोकांकडून मला एक गोष्ट समजली. डिसेंबरात आपण थंडी पाहायला मैनपाटला चढतो, तेव्हा वसाहतीतली तरुण माणसं तिथे फारशी नसतात. ती खाली आलेली असतात, आपल्याच शहरांत. लुधियानाहून लोकरी माल उचलून मैदानाच्या कडेला ताडपत्रीची दुकानं लावून ती दोन-तीन महिने स्वेटर, मफलर, कानटोप्या विकतात, आणि फेब्रुवारी-मार्चात लोसार, म्हणजे त्यांचं नववर्ष, जवळ आलं की परत वर जातात. माझ्या आईनं आम्हा भावंडांचे शाळेचे स्वेटर वर्षानुवर्षं एकाच तिबेटी बाईंकडून घेतले. त्या आमच्या उंचीचा अंदाज डोळ्यांनीच घ्यायच्या आणि आईला “बहनजी, एक साल आगे का ले लो” असं सांगून एक माप मोठं द्यायच्या. ज्यांनी आपलं बर्फाचं घर गमावलं, त्यांनी या कोळशाच्या आणि लोखंडाच्या गावातल्या पोरांना ऊब पुरवली. भिलाईच्या इतिहासात हे कुठे लिहिलेलं नाही. ते लिहिलं जायला हवं.

बर्फाच्या मुलखातून आलेली दुसरी माणसं रशियन होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्गजवळच्या धानाच्या शेतांत कारखाना उभा राहू लागला. उभारणीच्या काळात मुख्य सोव्हिएत अभियंते होते वेनियामिन दिमशित्स. उरलच्या पायथ्याचं मॅग्निटोगोर्स्कही त्यांच्या हाताखालून गेलेलं. जिथे हिवाळा महिनोन् महिने हलत नाही, अशा ठिकाणी पोलाद ओतण्याचा सराव असलेली ही माणसं इथल्या उन्हाळ्यात काय भोगत असतील! बाबा सांगायचे, जानेवारीत सगळे मफलरमध्ये तोंड लपवून चालायचे आणि रशियन साहेब अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून शिट्टी वाजवत निघायचे; वर्षातले तेवढेच दिवस त्यांना घरच्यासारखे वाटायचे. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हाही हिवाळाच चालू होता.

बाबा रेल मिलमध्ये होते. १९६० पासून भिलाईत रेल्वेचे रूळ तयार होतात आणि देशातल्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यातले बहुतेक इथले आहेत. रात्रपाळीत मिलमध्ये काय होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं: पुढून भाजलेला आणि पाठीकडून गारठलेला माणूस. लालबुंद रूळ रोलमधून बाहेर येतो तेव्हा तो हजार अंशांच्या आसपास असतो आणि चार पावलांवर मिलच्या उघड्या तोंडातून आठ-नऊ अंशांचा वारा आत येत असतो. रूळ थंड होताना सरळ राहत नाही. त्याचा माथा जाड, पाया पातळ आणि पसरट. दोन्ही वेगवेगळ्या वेळी निवतात आणि अख्खा रूळ धनुष्यासारखा वाकतो. मग त्याला यंत्रात घालून सरळ करावं लागतं. सकाळी सहाला पाळी सुटली की बाबा घामानं ओल्या बनियनवर स्वेटर, त्यावर कोट, त्यावर मफलर चढवून सायकलनं घरी यायचे. घाम अंगावर वाळू द्यायचा नाही, हे त्यांचं ब्रीद. आई दारातच गरम पाण्याची बादली ठेवायची.

रूळ आणि थंडी यांचं वैर मला बाबांमुळे समजलं. पोलाद तापलं की वाढतं, निवलं की आखडतं. एक किलोमीटर रूळ एका अंशाला साडेअकरा मिलिमीटरनं कमी-जास्त होतो. मेमधली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांत रुळाच्या तापमानाचा फरक पन्नास अंशांचा असू शकतो. म्हणजे मोकळा सोडला तर किलोमीटरमागे अर्ध्या मीटरहून अधिक आखडणार. पण आता रूळ मोकळा नसतो. पूर्वी तुकड्यांमध्ये फट असायची आणि गाडी खडखड करत जायची. आता किलोमीटर-किलोमीटर रूळ जोडून एकसंध केलेले असतात आणि स्लीपरांना घट्ट आवळलेले असतात. आखडायला जागा नाही, म्हणून तो आतल्या आत ताणला जातो. आजच्या साठ किलो वजनी रुळात एका अंशामागे सुमारे दोन टनांचा ताण येतो. पारा पस्तीस अंशांनी खाली आला तर साठ-सत्तर टन. कुठे जोड कच्चा असला, पोलादाच्या पोटात हायड्रोजनमुळे केसाएवढी चीर राहिलेली असली, तर ती उघडते ती अशाच रात्री. म्हणून वितळलेल्या पोलादातला हायड्रोजन दशलक्षात १.६ भागांहून अधिक असू नये अशी रेल्वेची अट आहे, आणि त्यासाठी ते निर्वात पात्रातून काढावं लागतं.

२६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे पंजाबात खन्नाजवळ रूळ तुटला. फ्रंटियर मेलचे डबे घसरले आणि समोरून येणारी सियालदा एक्स्प्रेस त्यांच्यावर आदळली. दोनशेहून अधिक माणसं गेली. ती बातमी भिलाईत ज्या शांततेनं ऐकली गेली, तशी दुसरी शांतता मी या गावात अनुभवलेली नाही. रूळ कुठल्या वर्षीचा, कुठल्या जोडाशी तुटला, हे विचारण्याआधी प्रत्येक घर क्षणभर आपल्याच हातांकडे पाहत होतं.

म्हणून हिवाळ्याच्या रात्री रेल्वे माणसं चालवते. अक्षरशः चालवते. ठरलेल्या टप्प्यावरून ट्रॅकमन हातात दिवा घेऊन रुळाच्या कडेनं जातो, पुढच्या माणसाला भेटतो, आणि परत फिरतो. खांद्यावर पिशवी, तिच्यात लाल झेंडा, पाना, आणि रुळावर ठेवायचे फटाके. तडा दिसला की गाडीच्या दिशेनं धावत जायचं आणि ते लावायचे, म्हणजे चाकाखाली आवाज होऊन चालक गाडी थांबवेल. दुर्गच्या पुढे नागपूरकडे जाणाऱ्या लाइनीवर पहाटे मी असा माणूस जवळून पाहिला आहे. रुळाचा माथा चाकांनी घासून चकचकीत आणि कोरडा होता, पण बाजूच्या अंगाला दहिवराची ओल धरली होती, आणि तो खाली वाकून, हातमोजा काढून, उघड्या बोटानं जोडाच्या रेषेवरची ती ओल पुसून पाहत होता. दिव्याच्या उजेडात चीर आणि पाण्याचा ओघळ सारखेच दिसतात, असं त्यानं सांगितलं. बोटाला मात्र फरक कळतो.

भिलाईचे रूळ आता खऱ्या बर्फातही आहेत. पीर पंजालच्या पोटातून जाणारा अकरा किलोमीटरचा बोगदा २०१३ मध्ये सुरू झाला आणि ६ जून २०२५ ला चिनाबवरचा पूल ओलांडून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत गाडी गेली. जानेवारीत बनिहालपलीकडे रुळांवर फूटभर बर्फ साचतो, इंजिनापुढे लावलेला फाळ तो बाजूला सारतो, आणि खालून दोन काळ्या रेषा उघड्या पडतात. त्या चलचित्रफिती मी पुन्हा पुन्हा पाहतो. बाबा असते तर त्यांनी बर्फाकडे पाहिलंच नसतं. त्यांनी जोड मोजले असते.

तेव्हा या हिवाळ्यात विदर्भातून, छत्तीसगडातून किंवा उत्तरेकडे रात्रीचा प्रवास करणार असाल, तर एक सांगणं आहे. पहाटे तीन-चारच्या सुमारास गाडी आडरानात थांबेल, मग पायी चालल्याच्या वेगानं पुढे सरकेल, आणि डब्यात कुणीतरी रेल्वेच्या नावानं बोटं मोडू लागेल. बहुधा पुढे कुणाला तरी रुळात तडा सापडलेला असतो. त्यानं त्या गारठ्यात धावत जाऊन गाडी अडवलेली असते, तुटक्या जागी पट्ट्या आणि शिकंजे आवळलेले असतात, आणि गाडी सांभाळून पार केली जात असते. अशा वेळी उशिराची तक्रार करू नका. करायचीच असेल तर या माणसांना चांगला कोट, पायांत उबदार बूट आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये शेकायला आडोसा मिळत नाही याची करा, आणि लेखी करा.